बर्फीपुढची पाटी

मंगळवार, सकाळ. हजर: अन्न निरीक्षक, मिठाईवाले शेठ आणि तक्रार करणारी मी. गैरहजर: आई. याच दुकानातली बर्फी खाल्ल्यापासून ती दवाखान्यात सलाईनवर आहे.

शेठनी बर्फीपुढची पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि आमच्यादेखत, वळणदार अक्षरात, आजची तारीख घातली.

"शेठ, ताटातली बर्फी परवाचीच आहे," मी म्हटलं.

"ताई, पाटी रोज बदलतो. एक दिवस खाडा नाही."

"पाटी व्यवस्थित आहे," निरीक्षकांनी मान डोलावली.

आई तारखा कधी वाचत नसे. खवा नाकाशी धरायची आणि सांगायची, शिळा आहे. आता तिला वास येत नाही, म्हणून तिच्या वतीने मी पाटी वाचते. आपल्या सगळ्यांचीच नाकं अशी हळूहळू निकामी झाली असावीत, आणि त्यांच्या जागी पाट्या आल्या. पाटी तपासायला सरकारी माणूस येतो. बर्फीचा वास घेणं कुणाच्याच कामात बसत नाही.

"नमुन्याचं सामान आज आणलेलं नाही," निघताना निरीक्षक म्हणाले.

संध्याकाळी आईने क्षीण आवाजात विचारलं, "काय निघालं गं त्या बर्फीत?"

नमुना घ्यायचा अजून राहिला आहे.