खवले वाचणाऱ्या देवस्थळीबाई

डॉ. शरयू देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट प्रयोगशाळेत झाली नाही, मासळीबाजारात झाली. संशोधनासाठी मी सिंगापूरला नुकतीच आले होते. बुकित बातोकला एका फ्लॅटमध्ये खोली मिळाली होती आणि विद्यापीठात पहिल्या दिवशी काय विचारतील या काळजीत मी होते. सकाळीच बाईंचा फोन आला. विद्यापीठात नंतर जाऊ, आधी तुझ्या घराजवळच्या बाजारात भेटू, असे त्या म्हणाल्या.

मी वेळेआधीच जाऊन उभी राहिले. आखूड पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी अशा बाई आल्या, माझ्याकडे पाहून हसल्या आणि थेट सॅमन विकणाऱ्याच्या गाळ्यावर गेल्या. तो त्यांना चांगला ओळखत होता.

"आंटी, टुडे ऑल्सो फिश डोन्ट वॉन्ट? ओन्ली स्केल?"

बाईंनी मान डोलावली. त्याने सॅमनच्या अंगावरचे थोडे खवले कागदात बांधून दिले. फुकट नेणे बरे दिसत नाही म्हणून बाईंनी त्याच्याकडून बांगडे घेतले. मग शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, कॉफीच्या कपांमध्ये जागा करून त्यांनी पिशवीतून भिंग काढले आणि एक खवला माझ्यासमोर धरला. माशाचा खवला माशाबरोबर वाढतो आणि त्यावर झाडाच्या खोडासारखी कडी उमटतात. अन्न मुबलक असले की कडी दूर दूर पडतात. हिवाळ्यात उपासमार झाली की ती जवळ जवळ येतात. मला दिसली ती सगळी कडी सारख्या अंतरावर होती.

"हा पाळलेला," बाई म्हणाल्या. "ह्याने कधी उपाशी हिवाळा काढला नाही. आधी हे सुखातलं बालपण ओळखायला शीक. मग नदीतलं आपोआप ओळखशील."

माझे शिक्षण असे भिंगापासून सुरू झाले. बाईंच्या षष्ट्यब्दीच्या या अंकात मोठमोठ्या सहकाऱ्यांचे लेख असतील. मी वयाने आणि अनुभवाने लहान आहे. म्हणून जे स्वतः पाहिले तेवढेच लिहिते.

सिंगापुरात सॅमनची नदी नाही, मग इथे बसून त्याचा अभ्यास कसा, असे इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी बाईंना विचारते. त्यांचे उत्तर ठरलेले असते: नदी पोस्टाने येत नाही, खवला येतो. उत्तरेकडच्या थंड नद्यांवर काम करणारी माणसे समुद्रातून परतणारे मासे धरतात, त्यांचे खवले काढून घेतात, मासे सोडून देतात आणि खवले बाईंकडे पाठवतात. मासा नदीत जन्मला की मत्स्यबीज केंद्रात, हे खवल्याच्या मधल्या भागावरून सांगायचे हे बाईंचे काम. त्या साध्या शब्दांत "नदीतला" आणि "हौदातला" म्हणतात. बाईंचे पती अविनाशकाका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. पाहुण्यांना ते सांगतात, "आमच्याकडे सॅमन शिजवत नाहीत, वाचतात."

या वाचनाची बाईंची एक शिस्त आहे. प्रत्येक खवला दोघांनी वाचायचा, वेगवेगळ्या खोलीत बसून. काम संपेपर्यंत एकमेकांशी त्याविषयी एक अक्षर बोलायचे नाही. इतकेच नाही, तर तोपर्यंत चहासुद्धा वेगवेगळा प्यायचा, कारण चहाच्या वेळी चेहरा बोलतो, असे बाईंचे म्हणणे. नवख्या मुलांना हे फार विचित्र वाटते. बाई इतक्या मायाळू, आणि दिवसचे दिवस समोरून जाताना नुसत्या मान हलवतात. वाचन संपले की मात्र बाई स्वतः चहा टाकतात आणि निकालाचे कागद शेजारी शेजारी ठेवले जातात.

माझे चौथीपर्यंतचे शिक्षण घरीच झाले. बाबा धरणांच्या कामावर होते, वसाहतीत शाळा नव्हती, त्यामुळे आई आणि आत्या शिकवत. उत्तर येत नसेल तर अंदाजाने ठोकायचे नाही, ही आत्याची सक्त ताकीद असे. हे मी बाईंना सांगितले तेव्हा त्यांना आत्यापेक्षा बाबांची गंमत वाटली. "म्हणजे बाबा नदीत भिंती घालणार, आणि लेक माशांना विचारणार, बाबांनो, चढता आलं का?" बाबांना हे फोनवर सांगितले, तर ते बराच वेळ हसत होते.

बाईंच्या आयुष्यातली एक उपनदी आहे. तरुणपणी पीएच.डी. करताना त्या कित्येक मोसम तिच्या काठाने हिंडल्या. पुढे तिथले सॅमन कमी होत गेले. काही वर्षांपूर्वी त्या नदीची देखभाल करणाऱ्या कार्यालयाने बाईंना विचारले, की या उपनदीत जन्मलेले मासे अजून परत येतात का, की येतात ते सगळे केंद्रातून सोडलेले आणि वाट चुकून इकडे वळलेले? नदीतले कोणी उरले नसतील, तर वसंतात केंद्राची पिल्ले तिथे सोडायची होती. उरले असतील तर पिल्ले सोडायची नव्हती. एकदा दोन्ही मिसळले की त्या पाण्यातला मूळचा वंश पुन्हा वेगळा काढता येत नाही.

खवले आले. बाईंनी आणि मी ते वेगवेगळे वाचले. मला बहुतेक खवल्यांपुढे एकच गोष्ट लिहिता आली: सांगता येत नाही. पुनःपुन्हा पाहिले, तरी तेच. आपल्यालाच वाचता येत नाही अशी माझी खात्री होत चालली होती, आणि चहा वेगळा असल्यामुळे कोणाला विचारायची सोय नव्हती.

शनिवारी बुकित तिमाहला बाईंच्या घरी जेवणाच्या टेबलावर कागद शेजारी शेजारी ठेवले. बाईंनी बऱ्याच खवल्यांपुढे "नदीतला" लिहिले होते. मी माफी मागू लागले, तर बाईंनी हाताने थांबवले. सोफ्यावर बसलेल्या त्यांच्या मुलीने, ईराने, पुस्तकातून डोके न काढता सल्ला दिला. "आई, जस्ट से रिव्हर लाह. हू विल नो?"

"मला कळेल ना," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि घरातला जुना मायक्रोस्कोप टेबलावर घेऊन बसल्या.

त्यांनी एकेक खवला पुन्हा पाहिला. आमटी गार झाली. अविनाशकाकांनी ती गरम करून आणली, तीही गार झाली. शेवटी बाईंनी चष्मा काढला.

"मृण्मयी, मधला भाग कोरा आहे गं. तुझं बरोबर आहे." आणि चष्मा पुसत म्हणाल्या, "मी हे खवले वाचलेच नाहीत. जुने आठवले."

माशाचा खवला पडला तर तिथे नवा येतो. पण तो घाईने वाढलेला असतो आणि त्याचा मधला भाग कोरा राहतो. माशाचे बालपण त्यावर उमटलेलेच नसते. आलेले बहुतेक खवले असे नव्याने उगवलेले होते. इतके कसे, याचा शोध बाईंनी त्याच बैठकीत लावला, आणि तो त्यांच्यापाशीच येऊन थांबला. नदीवरच्या माणसांना त्यांनीच बजावून सांगितले होते, की माशाला पाण्याबाहेर काढू नका, तो दमलेला असतो, पाण्यातच धरून पटकन काय ते करा. मासा पाण्यात धरायचा तर शेपटीजवळ धरावा लागतो. खवले तिथलेच निघाले, आणि शेपटीजवळचे खवले दगडांवर घासून सारखे पडतात. खवला घ्यायची खरी जागा पाठीच्या पराच्या जरा मागे, खालच्या अंगाला. माशांविषयीच्या मायेपोटी बाई हे लिहायचे विसरल्या होत्या.

सोमवारी प्रयोगशाळेत सर्वांसमोर त्यांनी आपले वाचन मागे घेतले, का घेतले तेही सांगितले, आणि मग कार्यालयाला फोन केला. मी खोलीत होते. पलीकडच्या गृहस्थांनी सांगितले, की "सांगता येत नाही" म्हणजे त्यांच्या लेखी "नाही"च. वसंत जवळ आला होता आणि पिल्ले तयार होती. बाईंचे मूळचे वाचन तसेच राहू दिले असते, तर उपनदी त्याच दिवशी वाचली असती. चूक माझ्या सूचनेत आहे, तिची शिक्षा नदीला नको, असे त्या म्हणाल्या आणि एक मोसम मागितला. पुढच्या खवल्यांनीही नदीतले मासे दाखवले नाहीत, तर पिल्ले सोडा असे मी स्वतः सही करून लिहून देईन, असे वचन त्यांनी दिले. त्या गृहस्थांनी नाखुशीनेच होकार दिला.

ते वर्ष बाईंनी कसे काढले, ते त्यांनी कोणाला जाणवू दिले नाही. नेहमीप्रमाणे मंडळाच्या मुलांना बुकित तिमाहच्या जंगलातल्या ओढ्यावर नेले, बोटभर मासे दाखवले, जाळी आणणाऱ्यांना परत पाठवले. माझा मात्र त्या वर्षी फार जीव टांगणीला लागला होता. माझ्या तीन शब्दांमुळे बाईंची नदी जाणार, असे वाटे. प्रत्येक गोष्टीची खात्री करण्याचा माझा स्वभाव आणखी वाढला. संध्याकाळी बसस्टॉपवर पोहोचले, की मायक्रोस्कोपचा दिवा चालू राहिला असे वाटून मी परत जाई. बस निघून जाई. हे वॉचमनकडून बाईंच्या कानावर गेले. त्यांनी मला समजावले नाही, हसल्याही नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी बसस्टॉपवर असताना माझ्या मोबाईलवर त्यांचा निरोप येऊ लागला: "दिवा बंद आहे. मी पाहिला." सर्दी-तापातही तो चुकला नाही. मग कळले, की हे करता यावे म्हणून त्या रोज माझ्यानंतर निघत.

पुढच्या मोसमात नदीवरच्या माणसांनी पाण्याने भरलेली पन्हाळ वापरली, म्हणजे मासा पाण्यातच राहील आणि पाठीपर्यंत हात पोहोचेल. खवले आले. आम्ही ते वाचले, वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळा चहा पीत. यावेळी मधले भाग कोरे नव्हते. कागद शेजारी ठेवले तेव्हा हौदातले पुष्कळ होते. पण काही खवल्यांवर जवळ जवळ आलेली कडी होती, उपाशी हिवाळ्याची, आणि त्या प्रत्येकापुढे आम्ही दोघींनीही एकच शब्द लिहिला होता. ते थोडेच होते, पण त्यांच्याविषयी वाद नव्हता.

बाईंनी तो कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "चहा टाक गं. आज माझ्याच्याने होणार नाही."

उपनदीत पिल्ले सोडली गेली नाहीत. "नदी वाचली" असे मी अहवालात लिहिले होते, ते बाईंनी खोडून "यंदा पिल्ले सोडली नाहीत" असे केले. इथेही मी तेवढेच लिहिते.

नियमाप्रमाणे बाई आता प्रयोगशाळा सोडत आहेत. परवा त्या माझ्याआधी निघाल्या. मायक्रोस्कोपचा दिवा मी बंद केला आणि त्यांना निरोप पाठवला: "दिवा बंद आहे. मी पाहिला." उत्तर लगेच आले: "मग परत बघायला जाऊ नकोस. शनिवारी चहाला ये, एकत्र पिऊ." दिवा बघायला मी परत गेले नाही. आलेली पहिली बस धरली.

पुढच्या वर्षांविषयी अंदाज करायचा नाही, हे मी आत्याकडून आणि बाईंकडून शिकले आहे. पण इच्छा म्हणजे अंदाज नव्हे. ती ठामपणे लिहायला हरकत नसावी. देवस्थळीबाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे डोळे भिंगाला आणि पाय ओढ्याच्या वाटेला असेच साथ देत राहोत. आणि त्या उपनदीत जन्मलेले मासे समुद्रातून परत येत आहेत, ही बातमी त्यांना दर हिवाळ्यानंतर, पुष्कळ हिवाळे, पोस्टाने मिळत राहो.