सोळाव्या पायरीपर्यंत

विद्यापीठात तोंडावर सगळे तिला ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘गुड मॉर्निंगवाल्या मॅडम’. राजकीय प्रचार शिकवणाऱ्या या बाईने संशोधनाला विषय घेतला होता साठीपलीकडचे मतदार आणि त्यांचे मोबाइल. विभागप्रमुख भर बैठकीत म्हणाले होते, “अहो, फुलांचे फोटो पुढे ढकलण्यापलीकडे म्हातारी माणसं तिथे करतात काय? ऑनलाइन चळवळी तरुणांनी करायच्या.” सगळे हसले. तीही हसली, पण ते तिच्या चांगलंच जिव्हारी लागलं.

सहा वर्षं दर बुधवारी ती बागेशेजारच्या वाचनालयात जाऊन बसली. तिथे निवृत्त मंडळींचा एकशे चाळीस जणांचा मोबाइलवरचा ग्रुप होता. त्याची सूत्रं एका जुन्या बस कंडक्टरकडे. त्यांना सगळे मास्तर म्हणत.

निवडणूक तीन आठवड्यांवर आली आणि कळलं, यंदा मतदान केंद्र शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर. चव्वेचाळीस पायऱ्या, लिफ्टचा पत्ता नाही. मास्तरांनी अर्ज दिला. उत्तर आलं, “विचार चालू आहे.”

“मॅडम, हे इंटरनेटवर गाजवायचं कसं, ते तुम्हाला ठाऊक असणार,” मास्तर म्हणाले.

ठाऊक होतं, तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने वही पुढे ओढली. “मी हात लावला तर अभ्यासच खोटा ठरेल हो, मास्तर.”

“मग तुम्ही नुसतं लिहून घ्या. करतो आम्ही.”

दुसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या एक्क्याऐंशी वर्षांच्या निवृत्त नर्सबाई शाळेच्या जिन्यात थांबल्या आणि मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, “मी आजवर एकही मतदान चुकवलेलं नाही. माझा गुडघा सोळाव्या पायरीपर्यंत साथ देतो. पुढे मी येत नाही. मतदान यंत्र इथे आणता का?”

झालं! कुणी नवव्या पायरीवर, कुणी बाविसाव्या, एक आजोबा तर पहिल्याच पायरीवर खुर्ची टाकून बसले. नातवंडांनी व्हिडिओ पुढे पाठवले, परगावचे म्हातारे आपापले जिने दाखवू लागले. दोन उमेदवार हार घेऊन धावत आले, तर मास्तरांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. “आमच्या पायऱ्यांवर तुमचे झेंडे नकोत!” पाचव्या दिवशी निवडणूक अधिकारी स्वतः आले, जिना चढले, वर जाऊन धापा टाकत उभे राहिले. संध्याकाळी हुकूम निघाला: केंद्र तळमजल्यावर.

मतदानाच्या दिवशी मॅडम वही घेऊन फाटकाशी उभी होती. एकशे चाळिसांपैकी एकशे सदतीस जण आले. नर्सबाई शाई लावलेलं बोट नाचवत बाहेर पडल्या, तेव्हा तिला वहीतलं काही दिसेना. डोळे भरून आले होते.

पुढे परिषदेत तिने हे सगळं मांडलं. खचाखच भरलेल्या सभागृहातून एकाने विचारलं, “या लोकांना प्रशिक्षण कुणी दिलं?”

“ते इथेच आहेत, त्यांनाच विचारा.”

मागच्या रांगेतून मास्तर उठले. “साहेब, बत्तीस वर्षं गच्च भरलेल्या गाडीत शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचवला. आणखी कसलं प्रशिक्षण लागतं?”

हशा उसळला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. विभागप्रमुख पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. मॅडमने त्यांच्याकडे पाहिलं, हसली आणि मास्तरांना मंचावर बोलावलं.