मिस्त्रींची दाढी
रंगकामात मिस्त्रींचा हात जितका नावाजलेला, तितकीच त्यांची दाढीही. ती लग्नाच्या आधीपासूनची होती, त्यामुळे बायकोनेसुद्धा त्यांची हनुवटी कधी पाहिली नव्हती.

जुन्या शाळेच्या खिडक्यांवरचा शिसं असलेला रंग काढायचं काम निघालं. त्याची धूळ अंगात भिनते, म्हणून रंग ओला करूनच खरवडायचा आणि तोंडावर घट्ट मास्क लावायचा, असा नियम होता. सुरक्षा बघणाऱ्या बाईंनी मिस्त्रींना मास्क चढवला, डोक्यावरून टोपडं घातलं आणि मास्क घट्ट बसलाय का ते बघायला टोपड्याच्या आत कडू औषधाचा फवारा मारला.

"चव लागतेय का?"

मिस्त्रींची जीभ कडूजहर झाली होती. नाही म्हटलं असतं तर दाढी वाचली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. पण खोटं बोलायला जीभ रेटेना.

"लागतेय," ते पडेल आवाजात म्हणाले.

"केसांमधून हवा शिरतेय, मिस्त्री. दाढी तरी काढा, नाहीतर हे काम तरी सोडा."

संध्याकाळी ते रुमालाने तोंड झाकूनच घरी आले. "घे, हसून घे एकदाचं," म्हणत त्यांनी रुमाल काढला.

बायको हसली नाही. बघतच राहिली. "अहो, तुम्ही तर हुबेहूब सासूबाईंसारखे दिसता."

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. मिस्त्री आरशासमोर गेले, ते तिथून लवकर हलेनात.

शाळेचं काम संपलं, तरी त्यांनी दाढी पुन्हा राखली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "सवय झाली आता."