आबांची फुंकर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच केली आहे... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. येऊ दे.

मी तासगावची. साताऱ्यातल्या एका कॉलेजात वटवाघळांच्या गुणसूत्रांवर पीएचडी करते. पेशींच्या द्रावणाचा थेंब उंचावरून गार, ओल्या काचपट्टीवर सोडायचा आणि लगेच हलकी फुंकर मारायची. थेंब पसरला तर गुणसूत्रं सुटी होतात, मग जांभळा रंग देऊन मोजायची. नाही पसरला तर नुसता गुंता! हे दोघांचं काम. मी स्टुलावरून थेंब सोडायचे आणि आमचे लॅब अटेंडंट आबा — मिलिटरीतून रिटायर झालेले — खाली वाकून फुंकायचे. त्याआधी तंबाखू थुंकून खळखळून चूळ भरायचे.

"आबा, एवढी स्वच्छता?"

"न्हाईतर वटवागळाला चक्कर यील की, मॅडम! तुमी फकस्त सोडा, फुकायचं माझ्याकडं हाय."

खोलीवर मी एकटीच. दिवसभरात माझ्याशी धड बोलणारे तेवढे एक आबा. मार्चमध्ये ते हार्ट अटॅकने गेले.

त्यांच्या जागी कोणी आलं नाही आणि माझी प्रत्येक स्लाइड फसली. स्टुलावरून उतरेपर्यंत थेंब वाळलेला असायचा. पलूसजवळच्या विहिरीतली वटवाघळं पकडायची परवानगीही संपली होती. द्रावणाची एकच ट्यूब उरली... ती वाया गेली असती तर तीन वर्षांचं काम पाण्यात.

दुपारचे दोन. पंखा बंद, खिडक्या बंद. स्टुलावर चढले आणि सवयीने बोलून गेले, "सोडते हं आबा." आणि थेंब सोडला.

काचेच्या डाव्या कडेला पुसट वाफ धरली आणि थेंब उजवीकडे सरकत छान पसरला. आबा डावीकडेच उभे राहायचे. गार काचेवर वाफ धरते, हे मलाही कळतं. पण ती थेंबाला ढकलत नाही.

रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. छत्तीसच्या छत्तीस गुणसूत्रं, सुटी! मी मोठ्याने मोजली आणि रडत बसले.

गाईड खूश झाले. "सोबत कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, सर."

ट्यूबमध्ये अजून दोन थेंब होते. खरं तर आता गरज नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी दोनच्या ठोक्याला मी पुन्हा चढले, आबांना हाक मारली आणि एकेक करून दोन्ही सोडले. दोन्ही जागच्या जागी वाळले.

 आदल्या दिवशी मला भीती वाटली नव्हती. या दिवशी मात्र, खाली कोणी नाही हे कळल्यावर, स्टुलावरून उतरायला मला खूप वेळ लागला.