भरलेली टाकी

आम्ही कॅरॅव्हॅन घेतली तेव्हा डब्लिनजवळच्या ओंगारमधल्या मराठी मंडळींनी एकमेकांना फोन करून विचारलं, की याच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का. ज्याला त्याला त्या काळात घराचं वेड होतं. कोणी इथं दुसरं घर बघत होतं, कोणी पुण्यात फ्लॅट बुक करत होतं, आणि माझ्या नवऱ्यानं मलिंगारच्या एका म्हाताऱ्याकडून चाकांवरची जुनी खोली गाडीमागे बांधून आणली होती. ती आमच्या ड्राइव्हवेत उभी केली आणि स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावायची वेळ आली.

सासूबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही गाडी हाय का घर हाय?"

"दोन्ही," नवरा म्हणाला. "ऑफिसात सगळ्यांना नाद आहे याचा. मलाही लागला."

हे धडधडीत खोटं होतं. त्याला कसलाच नाद नव्हता. रोज एम-फिफ्टी हायवेवरून रांगत चेरीवूडच्या ऑफिसला जायचं, रांगत परत यायचं आणि जेवून सोफ्यावर आडवं व्हायचं, एवढीच त्याची हौस. कॅरॅव्हॅन त्यानं घेतली ती आईसाठी, आणि हे आईला कळू द्यायचं नव्हतं.

सासूबाई बार्शीहून फेब्रुवारीत आल्या होत्या, तीन महिन्यांसाठी. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या परदेशी पहिल्यांदाच आल्या होत्या. विमानतळावर त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांचे ओठ फुटले होते आणि चालताना तोल जात होता. नवरा आपला आनंदात, "झोप लागली का विमानात?" विचारतोय. घरी आल्यावर मी त्यांना वर नेलं, तेव्हा खरं काय ते समजलं. गर्भपिशवीच्या जुन्या ऑपरेशनपासून त्यांना लघवी धरवत नव्हती. थोड्या थोड्या वेळानं जावं लागायचं, आणि लागलं की लागलंच. त्यामुळे कुठं निघायचं असलं की त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करायच्या. मुंबईहून डब्लिनपर्यंतही त्या कोरड्या घशानं आल्या होत्या.

"त्याला सांगू नको गं," त्या म्हणाल्या. "बायकांचं असतं हे."

मी त्याच संध्याकाळी सांगितलं. आजही तशी वेळ आली तर पुन्हा सांगीन. असल्या गोष्टी बायकांच्या बायकांत ठेवून बायकांचं काय भलं झालंय, ते मला कोणीतरी एकदा दाखवून द्यावं.

नवऱ्यानं ऐकलं. फ्रिज उघडला, आत बघितलं, बंद केला. मग म्हणाला, "म्हणून ती माझ्या पदवीदानाला आली नाही?"

ते दुखणं त्याचं जुनं होतं. पुण्याला सगळ्यांचे आईवडील आले होते आणि याची आई आली नव्हती. 'मला त्यातलं काय कळतंय' असा निरोप तिनं पाठवला होता. त्यानं तो खरा मानला आणि मनात धरून ठेवला. आईला आपल्या शिकण्याचं कौतुक नाही, असं त्याचं पक्कं मत झालं होतं. आणि कारण होतं बार्शी ते पुणे एसटीचा प्रवास, आणि मध्ये थांबेल तिथल्या स्टँडवरच्या त्या मुताऱ्या.

इथं आल्यावरही त्या बाहेर पडेनात. थंडी सोसत नाही म्हणायच्या. इथल्या दुकानांतली बाथरूम स्वच्छ असतात हे मी त्यांना एकदा नेऊन दाखवलं, पण आत पाणी नाही, नुसता कागद. त्यांनी जे तोंड केलं ते बघून मी पुन्हा आग्रह केला नाही. दोन महिने होत आले तरी त्यांनी आयर्लंड पाहिलं होतं ते आमच्या पुढच्या खिडकीतून. एकदा भांडी विसळता विसळता त्या म्हणाल्या, "समुद्र जवळ असंल ना हितनं? मी बघितला न्हाई अजून. विमानातनं दिसला म्हणत होते, पण माझी खिडकी नव्हती." मी हे नवऱ्याला सांगितलं, आणि त्यानंतरच्या शनिवारी तो मलिंगारला गेला.

कॅरॅव्हॅनमध्ये स्वतःचं बाथरूम होतं. छोटंसं, कपाटात कपाट काढावं तसं, पण दाराला कडी होती आणि नळाला पाणी होतं. बाकाखाली टाकी, टाकीजवळ एक पंप, पाणी तापवायचा हीटर, आणि तिथून भिंतीच्या आतून फिरणाऱ्या बारीक नळ्या. विकणाऱ्या म्हाताऱ्यानं जाताना एकच गोष्ट बजावली होती: एप्रिल आला म्हणून फसू नकोस. डॅफोडिल्स फुललेली असतात आणि रात्रीत काच पांढरी होते. गारठा सांगितला की सगळं पाणी काढून टाक, हीटरची पिवळी चावी उघड, नळ सगळे उघडे ठेव, म्हणजे आत राहिलेल्या थेंबाला फुगायला जागा मिळते. तेवढं केलंस की शी'ल बी ग्रँड, काही होणार नाही तिला.

ईस्टरला स्लायगोला जायचं ठरलं. तिथल्या समुद्रकाठी कॅरॅव्हॅन उभी करायची जागा सांगून ठेवली. पुढच्या आठवड्यात सासूबाईंचं परतीचं विमान होतं, म्हणजे आता नाही तर कधीच नाही. नवऱ्याचा उत्साह असा की रोज ऑफिसातून आला की आईला घेऊन आत शिरायचा. हे बटण दाबलं की पंप, हा नळ असा वर उचलायचा, ही पिवळी चावी. सासूबाई पदर खोचून लक्ष द्यायच्या. आईनं आपल्याकडून काही शिकावं याचं त्याला अप्रूप होतं, आणि त्यांना त्याच्या अप्रुपाचं.

निघायचं होतं शनिवारी सकाळी. गुरुवारी रेडिओवर गारठा सांगितला. बाहेर ऊन होतं, समोरचा शेजारी अर्ध्या बाह्यांत गवत कापत होता, पण नवऱ्यानं म्हाताऱ्याचं ऐकलं. टाकी रिकामी केली. पाणी ड्राइव्हवेवरून रस्त्यापर्यंत वाहत गेलं. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. बार्शीला त्यांच्याकडं नळाला चार दिवसांनी पाणी येतं. आलं की घरातली वाटीसुद्धा भरून ठेवतात.

"काय रे हे, एवढं चांगलं पाणी," एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी आम्ही दोघं प्रवासाचं सामान आणायला गेलो. परत आलो तर सासूबाई खुशीत होत्या. दशम्या झाल्या होत्या, चटणी कुटून झाली होती. मला वाटलं, समुद्राची खुशी.

शनिवारी सकाळी काच पांढरी होती. कुंपण पांढरं, गवत पांढरं, आणि वर निळंशार आभाळ. नवरा हसत म्हणाला, "बघ, म्हाताऱ्यानं सांगितलं नसतं तर!" सामान ठेवायला तो कॅरॅव्हॅनमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी जाऊन बघितलं तर बाकाखालचं झाकण उघडं होतं. टाकी काठोकाठ भरलेली, वर बर्फाचा पापुद्रा. पिवळी चावी बंद. सगळे नळ घट्ट बंद. जसजसं ऊन चढलं तसतसं जमिनीखालून टपटप ऐकू यायला लागलं. पंपाला चीर गेली होती, आणि हीटरजवळची नळी फुटली होती.

"पाणी कुणी भरलं?" त्यानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"मी भरलं," सासूबाई दारातून म्हणाल्या. नऊवारीवर माझा स्वेटर, हातात दशम्यांचा डबा. "प्रवासाला रिकाम्या भांड्यानं कुणी निघत असतं का? अपशकुन असतो. तू आपला नळ सगळे उघडे टाकून गेलास वेंधळ्यासारखा. खालनं गळत होतं, ती चावी बी मीच बंद केली. पंप लावून बघितला, लई छान पाणी आलं." आणि त्या शाबासकीची वाट बघत उभ्या राहिल्या.

माझा नवरा आवाज चढवणारा माणूस नाही. ते खातं माझ्याकडं आहे. पण त्या दिवशी तो ओरडला. ईस्टर आहे, कॅरॅव्हॅनची दुकानं बंद आहेत, पंप कुठून आणू, जागा सांगितलीय, आठवड्यानं तुझं विमान आहे, दोनदा समजावून सांगितलं होतं मी! सासूबाई आधी गोंधळल्या, मग घाबरल्या.

"असू दे रे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं जावा. तुला हौस हाय म्हणून घेतलीस. मी काय, घरी बसंन."

"मला हौस नाही!" तो म्हणाला. "मला कसली हौस? तुला वाटेत जाता यावं म्हणून घेतली मी ही, आई! तुला पाणी पिता यावं म्हणून घेतली!"

समोरच्या शेजाऱ्यानं हात हलवला, 'लव्हली मॉर्निंग' म्हणाला. आमची भाषा त्याला येत नव्हती हे नशीब. सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं, नजर वळवली नाही. मग त्या डबा हातात तसाच घेऊन घरात गेल्या.

नवरा कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला त्याचा राग आला आणि त्याची इतकी माया आली की काय करावं कळेना. "ओरडायचं होतंस तर माझ्यावर ओरडायचंस," एवढं बोलून मी आत गेले. सासूबाई रडत असतील, समजूत कशी काढायची, याची जुळवाजुळव करत मी स्वयंपाकघरात शिरले.

त्या सिंकखालच्या कपाटात डोकं घालून बसल्या होत्या. त्यांनी बादली बाहेर काढली. मग पाण्याचे दोन रिकामे कॅन काढले आणि एक नळाखाली लावला.

"कधी सांगितलंस त्याला?" माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं.

"तुम्ही आलात त्याच दिवशी."

"तुझ्या पोटात काई राहत न्हाई."

"नाही राहत."

कॅन भरला तसा त्यांनी दुसरा नळाखाली लावला. डोळे ओले होते, पण हात थांबले नव्हते. "त्याचा बाप गेला, पण त्यालाबी मी कधी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "आन ह्यानं गाडी आणली." मग नाक पुसून नेहमीच्या आवाजात, "पंप फुटला तर फुटला. मला नळ कुठं लागतोय? कडीचं दार हाय, बादली हाय, तांब्या हाय. चल, उचलू लाग."

खरं तर तेवढंच लागत होतं. पण आम्ही दोघं शिकलेली माणसं, त्यामुळे पंपाशिवाय प्रवास होतो हे आम्हाला सुचलंच नव्हतं. नवऱ्यानं उरलेलं पाणी काढून टाकलं, सासूबाईंनी ते काढू दिलं. त्यांचे भरलेले कॅन बाथरूमच्या दाराशी बांधून ठेवले. निघायला उशीर झाला.

चालू कॅरॅव्हॅनमध्ये बसता येत नाही, म्हणून आम्ही सगळे पुढं गाडीत होतो. किनेगाड गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, त्यांत नुकती जन्मलेली कोकरं. सासूबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. मग त्या काचेकडंच बघत म्हणाल्या, "तुझ्या त्या कार्यक्रमाला मी साडी काढून ठेवली होती. आंबाडाबी घातला होता."

नवऱ्यानं मान हलवली.

थोडं पुढं गेल्यावर सासूबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला बोलल्या नाहीत, माझ्याकरवी निरोप दिला नाही. सरळ लेकालाच म्हणाल्या, "बाळा, गाडी थांबव. मला जायचंय."

त्यानं इंडिकेटर दिला, बाजूला घेतली, उतरून त्यांचं दार उघडलं. त्या कॅरॅव्हॅनमध्ये गेल्या, कडी लागल्याचा आवाज आला. तो रस्त्याकडं तोंड करून पायरीजवळ राखण करत उभा राहिला. शेजारून ट्रक जात होते. सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि जरा अवघडून म्हणाल्या, "लगीच परत लागंल बरं का मला."

"लागू दे की, आई," तो म्हणाला. "समुद्र कुठं जात नाही."