सरकीची नोंद

“सोता पाह्यलं काय?”

कोणीही काहीही सांगत आलं, की तो आधी एवढंच विचारायचा. दिग्रसची आणखी एक जिनिंग बंद पडली, असं कोणी म्हणालं तरी हाच प्रश्न, आणि टपरीवरचा चहा संपला म्हटलं तरी हाच. समोरचा गडबडला, की म्हणायचा, “मंग ऐकलं म्हन ना, बाप्पा.” आणि पुन्हा कामाला लागायचा. असा एखादा चिकट माणूस तुमच्याही ओळखीत असेल. तो फार जवळचा झाल्याशिवाय आवडत नाही, हेही तुम्हाला ठाऊक असेल.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचं वर्कशॉप होतं. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगच्या मशिनी दुरुस्तीला यायच्या. तो मेकॅनिक, मी स्टोअर सांभाळणारा. कापसाचे वाईट दिवस सुरू झाले, जिनिंगा एकेक करून थंडावल्या, आणि आम्ही दुपारभर माश्या मारत बसू लागलो. अशाच एका दुपारी त्यानं पेपरात जाहिरात पाहिली. अंटार्क्टिकावरच्या आपल्या देशाच्या तळावर वर्षभरासाठी जनरेटर सांभाळणारा माणूस हवा होता. आम्ही खूप हसलो. यवतमाळच्या उन्हात तापलेला माणूस बर्फात तडकेल, असं मीच म्हणालो होतो. त्याची निवड झाली, तेव्हा पेढेही मीच आणले.

जनरेटरसोबत त्याच्या गळ्यात आणखी एक काम पडलं. तिथल्या उन्हाळ्यात हौशी पर्यटक विमानानं येत. जमिनीवर पाय ठेवण्याआधी प्रत्येकाचे बूट, खिसे, पँटच्या दुमडी तपासायच्या, ब्रशनं झाडायच्या. बाहेरचं एक बीसुद्धा तिथं पडू द्यायचं नाही, असा नियम. हे काम त्याच्याकडे आलं. “सोयऱ्यायचे पाय धुतो ना आपन लग्नात, तसं एकेकाले खुर्चीवर बसवून राह्यलो,” असं तो फोनवर सांगायचा. एका गोऱ्या बाईनं खूश होऊन बक्षीस देऊ केलं, तर हा लाजून आत पळाला.

तिथल्या खडकांवर थोडं शेवाळ उगवतं. त्याचे सुतळीनं आखलेले चौकोन होते. एका शास्त्रज्ञ बाईंच्या हाताखाली तो त्या चौकोनांच्या नोंदी करायचा: रंग कसा आहे, किती वाळलं, कोणाचा पाय पडला का. जे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं तेच लिहायचं, दुसऱ्यानं सांगितलेलं असेल तर पुढे ‘ऐकीव’ असा शब्द टाकायचा, ही बाईंची शिस्त. ती त्याच्या स्वभावाला साखरेसारखी मानवली. एका चौकोनात कुण्या पर्यटकाचा बूट उमटला होता. “हा पाय आता माह्या मायचं लगन होईस्तोवर तसाच राह्यते म्हन्तात,” तो म्हणाला होता.

माय म्हणजे त्याची आठ वर्षांची एकुलती एक मुलगी. वऱ्हाडातल्या बापाला लेकीत आई दिसते, त्याला तर जरा जास्तच दिसायची.

त्याच्या घरी फोन नव्हता. दर पंधरा दिवसांनी, रविवारी, वर्कशॉपच्या फोनवर त्याचा फोन यायचा. बायको आणि मुलगी अर्धा तास आधीच येऊन बसायच्या. मुलगी पाय हलवत लेथ मशीनच्या फळीवर बसायची आणि घंटी वाजली की माझ्याआधी धावायची.

निघताना तिनं बापाच्या स्वेटरच्या खिशात गुपचूप चार सरक्या टाकल्या होत्या. कापसाचं बी. इथं अंगणात टाकलं तरी उगवतं, मग तिथं का नाही, असा तिचा हिशोब. तळावर पोचल्यावर पहिल्याच तपासणीत त्या सापडल्या, तेही त्यानं स्वतःच स्वतःचे खिसे उलटे केले म्हणून. नियमाप्रमाणे त्यानं त्या साहेबांच्या हाती दिल्या आणि त्या भट्टीत गेल्या. घरी त्यानं हे सांगितलं नव्हतं. आम्हाला सरक्यांचा पत्ताच नव्हता.

श्रावणातल्या एका रविवारी तिनं विचारलं, “बाबा, उगवलं काय?”

मी शेजारीच उभा होतो. पलीकडून आवाज यायला नेहमीच थोडा वेळ लागायचा, त्या दिवशी जास्त लागला. मग तो म्हणाला, “नाही माय. ते जाळा लागलं. इथं चालत नाही.”

तिनं रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि फळीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पंधरा दिवसांनी आली, पण फोन हातात घेतला नाही. मी त्याला सांगितलं, “रुसली आहे रे तुझ्यावर.” तो हसला.

पोळा झाला आणि तिला ताप भरला. यवतमाळच्या दवाखान्यात चार दिवस होती. मेंदूत ताप गेला म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

तेव्हा तिथं हिवाळा होता. दिवाळी होऊन जाईपर्यंत विमान उतरणार नव्हतं. त्याच्या जनरेटरवर तळावरच्या सगळ्यांचा जीव. परगावी गेलेल्याला, ज्याला परतता येत नाही, अशी बातमी कळवत नाहीत, ही आपल्याकडची रीत. त्याच्या थोरल्या भावानं तसं ठरवलं, बायकोनं मान हलवली, आणि बोलायचं काम माझ्यावर आलं. कारण फोन मी उचलायचो.

मी काय बोललो असेन? तिला मावशीकडे पाठवलं, शाळेची सहल गेली, असलं काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण रविवारी घंटी वाजली, त्यानं “माय कुठं हाय?” विचारलं, आणि माझ्या तोंडून तेच निघालं जे आधी खरं होतं.

“अजून रुसली आहे.”

पुढं तेच चालू ठेवावं लागलं. दर पंधरवड्याला तो तिची समजूत काढायला नवं काही सांगायचा आणि मी “सांगतो” म्हणायचो. त्याची बायको पदराचा बोळा तोंडात धरून स्टुलावर बसलेली असायची. एकदा तो म्हणाला, परतताना वाटेत केपटाउनहून तिच्यासाठी लाल बूट घेतो, तिच्या पायाचं माप पाठव. मी माप दिलं. कुठून दिलं, ते मला विचारू नका.

संक्रांतीच्या आधी तो आला. भावानं यवतमाळच्या स्टँडवरच त्याला सांगितलं. मी दहा पावलांवर उभा होतो. पुढे जायची माझी हिंमत झाली नाही.

आठवड्यानं तो वर्कशॉपात आला. दारात बूट काढले, उलटे करून आपटले, खिशातल्या ब्रशनं तळवे झाडले. ही सवय तिकडची, शेवटपर्यंत टिकली. मग त्यानं एक वही माझ्यासमोर ठेवली. पुढच्या बाजूनं शेवाळाच्या नोंदी, मागच्या बाजूनं घरच्या फोनच्या. ‘माय रुसली आहे.’ पंधरा दिवसांनी पुन्हा, ‘माय रुसली आहे.’ अशी पानंच्या पानं.

“सोता पाह्यलं होतं काय, भाऊ?”

“पहिल्या वेळी पाहिलं होतं,” मी म्हणालो. “बाकी नाही.”

त्यानं माझाच पेन घेतला. पहिली नोंद तशीच ठेवली. तिच्या खालच्या प्रत्येकीपुढे सावकाश ‘ऐकीव’ लिहिलं, पेन परत दिला आणि मशीनकडे गेला. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो.

पुढे बरीच वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्यानं तो विषय काढला नाही. शाळांतून त्याला बर्फाच्या गोष्टी सांगायला बोलवायचे, तो जायचा, पोरांना हसवायचा. एकदाच, जेवणाचा डबा उघडताना, म्हणाला, “तुले खोटं बोलता आलं, भाऊ. मले मायजवळ एका डावापुरतंही नाही आलं.” मला वाटतं, ती माफी होती. मागत होता की देत होता, हे मला अजून उमगलेलं नाही.

गेल्या चैत्रात तो गेला. दिवस झाल्यावर त्याच्या बायकोनं ती वही माझ्या हातात दिली, म्हणाली, तुमच्याजवळच राहू द्या. त्याच्या पेटीच्या तळाशी लाल बुटांचा डबा होता, तो मात्र तिनं ठेवून घेतला.

घरी येऊन मी वही मागून उघडली. श्रावणातलं ते पान काढलं. तिथं त्या दिवशीचं त्याचं सरळ अक्षर होतं: ‘मायने सरकीचे विचारले. जाळली असे सांगितले.’ त्याच्याखाली त्याच्याच म्हातारपणीच्या वाकड्या अक्षरात, अलीकडच्या शाईत, आणखी एक ओळ होती.

‘सरकी उगवली. दोन पाने आली.’

जन्मभर न पाहिलेलं न लिहिणाऱ्या माणसाची ती नोंद. मी पेन उघडला आणि तसाच बंद केला. पुढे ‘ऐकीव’ लिहिलं नाही.