नकाशातली बाई

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या एका जर्मन विमानाचा आराखडा जुन्या पुस्तकात सापडला. पाण्यावरून उडणारं, पाण्यावरच उतरणारं अवाढव्य प्रवासी विमान. पोटात झोपायच्या खोल्या, जिना, चक्क जेवणघर! बांधलं मात्र कधीच गेलं नाही.

मी मात्र अडकलो जेवणघरातल्या मुंगीएवढ्या बाईपाशी. तिने हॅट काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवली होती.

"आकाराचा अंदाज यावा म्हणून माणसं काढतात," बायको म्हणाली. तिचा जन्म घरांचे नकाशे काढण्यात गेलाय.

"अगं, पण त्यासाठी हॅट कशाला लागते?"

तिने पुस्तक जवळ ओढलं. "माझ्या पहिल्या नकाशात मी गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई काढली होती. साहेब रागावले, तरी खोडली नाही. पुढे ती इमारत झालीच नाही."

विमान राहून गेलं, इमारत राहून गेली. पण त्यात आधीच राहायला गेलेल्यांचं काय होत असेल?

"मग तुझी ती बाई गं?" मी विचारलं.

बायको हॅटवाल्या बाईकडे बघत होती.

"वाळले असतील आता तिचे कपडे," ती म्हणाली.